मोठ्या आकाराचे मेल स्पॅम-फिल्टर न तपासताच सोडतो. मर्यादा कुठे आणि किती ठेवावी?

वडाचा_पार

मांडणी अशी आहे: डेबियन लिनक्स, मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स, त्यामागे स्पॅम ओळखणाऱ्या स्पॅमअसॅसिनची स्पॅमसी–स्पॅमडी जोडी (स्पॅमसी मेल नेऊन देतो, स्पॅमडी तपासतो), पेट्या डव्हकॉटकडे आणि कुठला मेल कुठल्या फोल्डरमध्ये ही वर्गवारी सिव्हच्या नियमांनी. छोटे स्पॅम नीट अडतात. पण ६०० ते ९०० केबीचे मेल सरळ इनबॉक्समध्ये उतरतात. एखादं भलंमोठं चित्र आणि त्यातच 'बिल थकलं आहे, येथे भरा' असा मजकूर, नाहीतर एक झिप, असं त्यांचं स्वरूप असतं. हेडर उघडून पाहिले तर एक्स-स्पॅमने सुरू होणारी, म्हणजे फिल्टरने घातलेली, एकही ओळ नाही. म्हणजे गुण कमी पडले असं नाही, तपासणीच झालेली नाही.

मर्यादा ५०० केबीवरून ५ एमबी केली तर चालेल का, की सर्व्हर बसेल? आणि हा आकडा नेमका कुठे कुठे बदलावा लागतो?

टपालपेटी

निदान बरोबर आहे. स्पॅमसीचा 'वजा एस' पर्याय दिला नाही, तर मूळ मर्यादा ५०० केबी, म्हणजे ५१२००० बाइट. त्यापुढचा मेल स्पॅमसी स्पॅमडीकडे पाठवतच नाही, आला तसा पुढे देतो. चूक दाखवत नाही, ताकीद देत नाही. प्रोकमेल (आलेले मेल नियमांप्रमाणे वाटणारा जुना प्रोग्राम) वापरणाऱ्यांच्या जुन्या रेसिपीत याच आकड्याची आणखी एक अट असते. ती तशीच ठेवून फक्त स्पॅमसीचा आकडा वाढवला तर काहीच फरक पडत नाही.

हा आकडा दिसतो त्याहून लहान आहे. जोडलेली फाइल मेलमध्ये बेस-६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) होऊन जाते. ३ बाइटची ४ अक्षरं होतात, आणि दर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडायला आणखी २ बाइट लागतात. म्हणजे ५७ बाइटचे ७८ होतात, सुमारे १.३७ पट. या हिशेबाने ५०० केबीच्या मर्यादेत जेमतेम ३६५ केबीची फाइल बसते. मोबाइलवर काढलेला एक फोटो याहून मोठा असतो. स्पॅम काही केबीचेच असायचे त्या काळात ही मर्यादा ठरली. आता ती सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे पाठवणारा मुद्दाम भरताड घालून मेल तिच्या पलीकडे नेतो.

मर्यादा आहे त्यामागचं कारणही खरं आहे. स्पॅमअसॅसिन पर्लमध्ये लिहिलेला आहे. तो अख्खा मेल मेमरीत घेतो, त्याच्या उलगडलेल्या प्रती बनवतो आणि त्यांवरून शेकडो रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवण्याचे नमुने) फिरवतो. स्पॅमडीची मूळ बालप्रक्रिया-मर्यादा (एकाच वेळी तपासणाऱ्या उपप्रक्रिया किती) ५ आहे. पाचही जणी मोठे मेल चघळत बसल्या तर मागचे छोटे मेलही रांगेत तुंबतात. म्हणून नुसता आकडा वाढवू नका. आधी आवृत्ती पाहा.

सह्यकडा

स्पॅमअसॅसिनची आवृत्ती ३.४.३ किंवा त्यानंतरची असेल तर बरंचसं काम सोपं होतं. त्या आवृत्तीत दोन सेटिंग आल्या. बॉडी_पार्ट_स्कॅन_साइज मूळ ५०००० बाइट आणि रॉबॉडी_पार्ट_स्कॅन_साइज मूळ ५००००० बाइट. मेलच्या प्रत्येक भागाचा उलगडलेला मजकूर साधारण तेवढाच कापून नियमांपुढे ठेवला जातो. मोठा मेल अजिबात न तपासता सोडावा लागू नये, याचसाठी ही सोय केली आहे. त्यामुळे ३.४.३ नंतर स्पॅमसीची मर्यादा ५ एमबी केली तरी मजकुराच्या नियमांचा वेळ त्या प्रमाणात वाढत नाही.

करायचं असं: /ईटीसी/स्पॅमअसॅसिन/ खालच्या स्पॅमसी.कॉन्फ फाइलीत 'वजा एस ५२४२८८०' ही ओळ घाला. मग स्पॅमडीच्या बालप्रक्रिया मोजून ठेवा. मर्यादा वाढवण्याआधी आणि नंतर एकेका प्रक्रियेची मेमरी 'टॉप'मध्ये पाहा, मोकळी रॅम भागिले त्यातला मोठा आकडा एवढ्याच बालप्रक्रिया चालवा. टाइम_लिमिट मूळ ३०० सेकंद असते. ती १२० वर आणलेली बरी. वेळ संपली की तोवर लागलेल्या नियमांचे गुण तरी हाती येतात.

एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची. हा ५०००० चा हिशेब बाइटमध्ये आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि काना-मात्रा-वेलांटीही स्वतंत्र चिन्हं म्हणून मोजली जातात. 'किंमत' या शब्दाला १५ बाइट लागतात. म्हणजे मराठी मेलचा भाग १६–१७ हजार चिन्हांनंतर कापला जातो, इंग्रजीचा ५० हजार अक्षरांनंतर. वर लांबलचक निरुपद्रवी मजकूर आणि तळाशी फसवी लिंक, अशी रचना मराठी-हिंदी मेलमध्ये तिपटीने स्वस्तात जमते. मराठी पत्रव्यवहार जास्त असेल तर हा आकडा १५०००० करा. वेळेत फार फरक पडत नाही.

'फुल' प्रकारच्या नियमांना ही कात्री लागत नाही, ते अख्ख्या मेलवर चालतात. स्वतः लिहिलेले 'फुल' नियम असतील आणि त्यांत बिंदू-तारा (वाटेल तेवढ्या मजकुराशी जुळणारी खूण) मोकाट असेल, तर ५ एमबीच्या मेलवर तिथेच गाडी अडेल. असे नियम आधी शोधून काढा.

नदीकाठ

इतकं करण्यापेक्षा, मेल स्पॅमअसॅसिनला देण्याआधी 'हेड' कमांडने पहिले ३०० केबी कापून दिले तर? छोट्या स्क्रिप्टचं काम आहे.

टपालपेटी

@नदीकाठ, ते करता येतं, पण चार ठिकाणी दगा होतो.

पहिला आणि सगळ्यात वाईट: स्क्रिप्ट जर स्पॅमअसॅसिनने परत दिलेला मेल पुढे पाठवत असेल, तर पेटीत कापलेलाच मेल जाईल आणि जोडलेली फाइल कायमची तुटेल. कापलेली प्रत फक्त गुण विचारण्यासाठी वापरायची. स्पॅमसीला 'वजा सी' दिला की तो मेल न देता गुण आणि स्पॅम ठरवण्याचा उंबरठा एवढंच छापतो. मूळ मेल बाजूला अखंड ठेवायचा आणि हेडर त्याला लावायचं.

दुसरा: डीकिमची सही, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेली डिजिटल सही. तिच्यातला बॉडीचा हॅश पूर्ण मजकुरावर काढलेला असतो. कापलेल्या प्रतीवर पडताळणी केली की बँकेचा अस्सल मेलही नापास होतो. त्या सहीवर अवलंबून असलेले सवलतीचे गुण जातात आणि चांगला मेल स्पॅममध्ये पडतो.

तिसरा: कापल्यामुळे माइमची (मेलचे भाग वेगळे ठेवणाऱ्या रचनेची) शेवटची सीमारेषा नाहीशी होते. तुटक्या रचनेला गुण देणारे नियम विनाकारण लागतात.

चौथा: रेझर, पायझर, डीसीसी यांच्यासारख्या जुळवणी-सेवा मजकुराचे ठसे काढतात. अर्ध्या मजकुराचा ठसा पूर्ण मजकुराशी जुळेलच असं नाही.

हेच काम व्यवस्थित केलेलं हवं असेल तर अमाविस घ्या, तो पोस्टफिक्स आणि स्पॅम-व्हायरस तपासणाऱ्यांच्या मध्ये बसतो. एसए_मेल_बॉडी_साइज_लिमिट ही त्याची मर्यादा. अगदी जुन्या आवृत्तीत तिच्यापुढचा मेल स्पॅम-तपासणीतून सुटायचा. २.६.३ पासून तो स्पॅमअसॅसिनला कापलेली प्रत देतो आणि मूळ मेल हात न लावता ठेवतो. डीकिम तो स्वतः पूर्ण मेलवर पडताळतो आणि निकाल स्पॅमअसॅसिनला आयता पुरवतो, त्यामुळे वरचा दुसरा दोष उरत नाही. अमाविस असेल तर ही मर्यादा ४०० ते ५१२ केबी असली तरी बिघडत नाही. स्पॅमसीच्या मर्यादेत आणि या मर्यादेत हाच फरक आहे. स्पॅमसीच्या मर्यादेपुढे काहीच तपासलं जात नाही, इथे निदान सुरुवातीचा भाग तरी तपासला जातो.

उंबरठा

एका भोकाकडे लक्ष वेधतो. स्पॅमअसॅसिन मेल तपासतो तेव्हा बाहेरून आलेली एक्स-स्पॅमची हेडर काढून स्वतःची घालतो. पण आकारामुळे जो मेल त्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्यातली हेडर तशीच राहतात. म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतःच 'एक्स-स्पॅम-स्टेटस: नो' लिहून ७०० केबीचा मेल धाडला, तर सिव्ह त्याला तपासून पास झालेला मेल समजेल. वडाचा_पार यांनी पाहिलेल्या मेलमध्ये ती ओळ नव्हती म्हणून शंका तरी आली.

उपाय दारातच करायचा. पोस्टफिक्सच्या हेडर_चेक्समध्ये 'एक्स-स्पॅम-' ने सुरू होणाऱ्या हेडरला इग्नोर द्या, ते गळून जातात. फिल्टर मिल्टर म्हणून (मेल आत येत असतानाच पोस्टफिक्स ज्याला विचारतो तसा) जोडला असेल तर त्याने नंतर घातलेल्या हेडरवर हे नियम लागत नाहीत. पण रांगेनंतरचा फिल्टर असेल आणि मेल १००२५ पोर्टवरून परत येत असेल, तर तिथे रिसीव्ह_ओव्हरराइड_ऑप्शन्समध्ये नो_हेडर_बॉडी_चेक्स दिलंच पाहिजे. नाहीतर स्वतःच घातलेली हेडर परतताना कापली जातात. अमाविस बाहेरची स्पॅम-हेडर मुळातच काढतो, त्याच्या मांडणीत याची गरज नाही.

हे झालं की सिव्हमध्ये एक नियम: एक्स-स्पॅम-चेकर-व्हर्जन हे हेडर नसेल आणि आकार ५०० केबीच्या वर असेल, तर मेल 'न तपासलेले' नावाच्या फोल्डरमध्ये. आकार किंवा टाइमआउट, कारण कुठलंही असो, सुटलेला मेल दिसायला लागतो.

रात्रपाळी

व्हायरस तपासणीची मर्यादा वेगळी असते, आणि मोठ्या मेलमध्ये खरा धोका तिथे आहे. क्लॅमएव्ही या व्हायरस-तपासकात तीन आकडे पाहायचे: मॅक्सफाइलसाइज, मॅक्सस्कॅनसाइज आणि स्ट्रीममॅक्सलेंग्थ. जुन्या आवृत्त्यांत ते २५, १०० आणि २५ एमबी होते. ०.१०५ पासून मूळ आकडे १००, ४०० आणि १०० एमबी आहेत. पण कॉन्फिग फाइल जुन्या मशीनवरून उचलून आणली असेल तर त्यात जुनेच आकडे लिहिलेले असतात आणि तेच लागू होतात.

नेहमीची युक्ती अशी: एक लहानसा एक्झी, त्याच्या शेवटी शेकडो एमबी शून्यं जोडायची आणि झिप करायचं. शून्यं दाबली की जवळजवळ नाहीशी होतात, मेल काहीशे केबीचाच दिसतो. क्लॅमएव्ही झिप उघडतो, आतली फाइल मर्यादेपेक्षा मोठी दिसते, ती सोडून देतो आणि उत्तर येतं 'ओके'. 'तपासलं नाही' असं तो आपणहून सांगत नाही. सांगायला लावायचं तर अलर्टएक्सीड्समॅक्स 'येस' करा. मग ह्युरिस्टिक्स.लिमिट्स.एक्सीडेड या नावाची नोंद येते.

ती नोंद सरळ व्हायरस मानून मेल टाकून देऊ नका. अभियांत्रिकी नकाशे, छपाईच्या फाइली, बॅकअपचे झिप सगळे तिच्यात सापडतात. अमाविसमध्ये व्हायरसच्या नावाला स्पॅमचे गुण देण्याचा तक्ता असतो, त्यात हिला ३ गुण ठेवा. झिपमध्ये एक्झी, आयएसओ, जेएस असेल तर फाइलीच्या प्रकारावरूनच अडवा. त्याला आकाराची मर्यादा आड येत नाही, कारण झिपची यादी वाचायला आतली फाइल उलगडावी लागत नाही.

स्ट्रीममॅक्सलेंग्थचा त्रास निराळा. मेल सॉकेटवरून प्रवाहाने पाठवणाऱ्या मिल्टरला ती मर्यादा ओलांडली की 'ओके' मिळत नाही, चूक मिळते. मिल्टर तात्पुरता नकार देतो, पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा तेच. पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगप्रमाणे असा मेल ५ दिवस येत राहतो आणि मग परततो. म्हणून स्ट्रीममॅक्सलेंग्थ ही पोस्टफिक्सच्या मेल-मर्यादेपेक्षा मोठीच हवी. अमाविस क्लॅमडीला (क्लॅमएव्हीची सतत चालणारी सेवा) युनिक्स सॉकेटवरून फाइलीचा पत्ता देतो, त्याला हा प्रश्न येत नाही.

दिवेलागण

मूळ प्रश्नच वेगळा विचारायला हवा असं मला वाटतं. मेल हे फाइली वाहून नेण्याचं साधन नाही. १० एमबीच्या वरचा मेल दारातच नाकारा, लोकांना लिंक पाठवायला सांगा. तपासायचं ओझंच राहणार नाही.

सह्यकडा

@दिवेलागण, तत्त्व म्हणून ठीक आहे, पण समोरचा माणूस ते मानणार नाही. सातबाऱ्याचे उतारे, निविदेची कागदपत्रं, सही-शिक्क्यासह स्कॅन केलेले ठराव हे सगळं मेलनेच येतं, आणि पाठवणाऱ्याला स्कॅनरचं रिझोल्यूशन कमी करता येतं हे माहीत नसतं. पोस्टफिक्सची मेसेज_साइज_लिमिट मुळात १०२४०००० बाइट आहे. बेस-६४ वजा केलं तर ७ एमबीच्या आसपासची फाइल. जीमेलवरून २५ एमबीपर्यंतची फाइल पाठवता येते, ती तारेवर ३४ एमबी होते. तुमच्या बाजूला १० असेल तर असे मेल परत जातील आणि तक्रार तुमच्याकडे येईल. मी ५० एमबी ठेवतो.

लिंकचंही पाहा. लिंकमागची फाइल तुमच्या फिल्टरला दिसतच नाही. जोडलेली फाइल निदान तपासता तरी येते.

आता ही मर्यादा वाढवताना कुठे अडखळायला होतं ते. मेलबॉक्स_साइज_लिमिट मूळ ५१२००००० आहे. ५० एमबी म्हणजे ५२४२८८००, तिच्याहून मोठं. मेसेजची मर्यादा पेटीच्या मर्यादेपेक्षा मोठी झाली की लोकल डिलिव्हरी कॉन्फिगरेशनची चूक दाखवून थांबते, छोटे मेलसुद्धा पोचत नाहीत. व्हर्च्युअल_मेलबॉक्स_लिमिटचंही तसंच. आधी पेटीची मर्यादा वाढवा किंवा ० करा, मग मेसेजची.

दुसरं, रांगेच्या डिस्कवर मोकळी जागा मेसेज-मर्यादेच्या दीडपटीहून कमी झाली की पोस्टफिक्स मेल फ्रॉमलाच (पाठवणारा आपला पत्ता सांगतो ती पायरी) ४५२, म्हणजे तात्पुरता नकार देतो. ५० एमबीला ७५ एमबी मोकळे लागतात, ते असतातच. पण कुणी उत्साहाने १ जीबी मर्यादा ठेवली आणि /व्हार लहान असेल, तर दीड जीबी मोकळे नसल्याने २ केबीचा मेलही आत येणार नाही. लॉगमध्ये 'इन्सफिशियंट सिस्टिम स्टोरेज' दिसलं तर डिस्क भरली आहे की मर्यादा फुगली आहे हे दोन्ही पाहा.

तिसरं, परतीचं दार. मेल मर्यादेच्या अगदी काठावरचा असतो, पोर्ट २५ वर बसतो, फिल्टर त्यात दोन-तीन केबीची हेडर घालतो आणि १००२५ वर तोच मेल ५५२ (फार मोठा, कायमचा नकार) होऊन नाकारला जातो. मग आपला सर्व्हर परतीचा मेल बनवतो, आणि स्पॅम असेल तर तो ज्याचा पत्ता खोटा लावला त्या बिचाऱ्याला जातो. पोस्टफिक्सच्या मेन.सीएफमध्ये (सगळ्यांना लागू सेटिंग) ५४ एमबी ठेवा आणि मास्टर.सीएफमध्ये (एकेका सेवेची सेटिंग) फक्त पोर्ट २५ च्या सेवेला ५२४२८८०० असं वेगळं द्या. नकार मग दारातच मिळतो.

टपालपेटी

याला जोडून, आकार मेल येण्याआधी कळू शकतो. एसएमटीपीचा साइज विस्तार, आरएफसी १८७०, १९९५ पासून आहे. पाठवणारा मेल फ्रॉमसोबतच आकार सांगतो आणि मोठा असेल तर डेटा सुरू होण्याआधीच ५५२ मिळतो. पण आकार सांगणं त्याच्यावर असतं. स्पॅमवाला सांगत नाही किंवा कमी सांगतो. पॉलिसी सेवेत (मेल घ्यावा की नाही हे पोस्टफिक्स ज्या वेगळ्या प्रोग्रामला विचारतो) 'साइज' तपासत असाल तर हे ध्यानात ठेवा: आरसीपीटीच्या, म्हणजे मेल कुणाला ते सांगण्याच्या, पायरीवर तो जाहीर केलेला आकार असतो, न सांगितल्यास ०. खरा आकार एंड-ऑफ-मेसेजच्या पायरीवरच मिळतो.

म्हणूनच मोठ्या मेलसाठी सगळ्यात स्वस्त तपासणी डेटाच्या आधीची: पोस्टस्क्रीन (पोस्टफिक्सचा दारावरचा पहारेकरी), डीएनएस काळ्या याद्या, एसपीएफ (त्या डोमेनचा मेल पाठवायची या आयपीला परवानगी आहे का), उलटा डीएनएस (आयपीवरून नाव). ६०० केबीचा स्पॅम पाठवणाऱ्या आयपीला तिथेच थांबवलं तर एक बाइटही उलगडावा लागत नाही. या तपासण्या ढिल्या ठेवून सगळा भार मजकुराच्या नियमांवर टाकला असेल, तर आधी ते दुरुस्त करा, ५ एमबीचा विषय नंतर.

रात्रपाळी

टाइमआउट राहिले. मोठा मेल सावकाश तपासला जातो आणि तेवढ्यात वाट पाहणारा कंटाळतो. पोस्टफिक्स मिल्टरच्या मजकूर-पायरीसाठी ३०० सेकंद थांबतो, रांगेआधीच्या प्रॉक्सी फिल्टरसाठी १०० सेकंद. स्पॅमअसॅसिनची टाइम_लिमिट ३०० आणि मिल्टरचे ३०० असे समोरासमोर ठेवले तर पोस्टफिक्स आधी सोडतो. मिल्टरची मूळ कृती टेम्पफेल असल्याने मेल पुन्हा येतो, पुन्हा पहिल्यापासून तपासला जातो. असे पाच-सहा मेल रांगेत असले की लोड चढत जातो आणि कारण सापडत नाही, कारण प्रत्येक वेळी तोच मेल नवीन असल्यासारखा दिसतो. लॉगमध्ये एकच मेसेज-आयडी अनेकदा येतो का ते पाहा. आतला टाइमआउट नेहमी बाहेरच्याहून लहान हवा: स्पॅमअसॅसिन १२०, मिल्टर ३००.

अमाविसची तात्पुरती फोल्डरं रॅमवरच्या टीएमपीएफएसमध्ये असतील तर मोजून पाहा. ५० एमबीचा एक मेल म्हणजे मूळ प्रत ५० आणि उलगडलेली फाइल साधारण ३६, मिळून ८६ एमबी. १० प्रक्रिया एकदम चालल्या तर ८६० एमबी, झिपमधून निघेल ते वेगळं. ५१२ एमबीचं टीएमपीएफएस तिथे फुटणार. मॅक्स_एक्स्पान्शन_कोटा त्या हिशेबाने खाली आणा.

वडाचा_पार

बरीच उत्तरं मिळाली, आभार. बदल झाल्यावर मोठा मेल खरोखर तपासला जातो आहे हे कसं पडताळायचं? आणि इनबॉक्समध्ये सुटलेले मोठे स्पॅम बेझला (स्पॅमअसॅसिनचा नमुन्यांवरून शिकणारा भाग) शिकवतो आहे, तरी तसेच मेल पुन्हा येतात.

टपालपेटी

दुसऱ्याचं उत्तर आधी. बेझला शिकवणाऱ्या एसए-लर्नची स्वतःची आकार-मर्यादा आहे, मूळ २५६ केबी, त्यापुढचे मेल तो वगळतो. शेवटी छापतो त्या ओळीत किती मेल पाहिले आणि किती शिकले ते वाचा. मॅक्स-साइज पर्याय देऊन मर्यादा वाढवा, ० म्हणजे अमर्याद. डव्हकॉटच्या जंक फोल्डरमध्ये ओढलेला मेल जर स्क्रिप्टमधून स्पॅमसीच्या 'वजा एल'ने शिकवत असाल, तर तिथे स्पॅमसीची ५०० केबीचीच मर्यादा लागते. म्हणजे जे मेल फिल्टरने सोडले तेच शिकवतानाही सुटतात. चित्राच्या स्पॅममध्ये मजकूर जवळजवळ नसतो, तिथे बेझला हेडर आणि लिंकमधूनच काय ते मिळतं, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका.

चाचणीसाठी जीट्यूबची ठरलेली ओळ वापरा, स्पॅमअसॅसिन तिला १००० गुण देतो. स्वॅक्स या चाचणी-मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामने तीन मेल पाठवा, सर्व्हरच्या बाहेरून. एक: मजकुरात जीट्यूब, जोडलेली फाइल नाही. दोन: तोच मजकूर आणि ६०० केबीची निरर्थक बाइटांची फाइल. तीन: तोच मजकूर आणि ४ एमबीची फाइल. फाइल 'डीडी'ने यादृच्छिक बाइटांची बनवा. पहिला अडला आणि दुसरा इनबॉक्समध्ये आला तर मर्यादा अजून जुनीच आहे, बहुधा प्रोकमेलमध्ये किंवा मिल्टरच्या सेवा-फाइलीत लिहिलेली. दुसरा अडला पण तिसरा उशिरा आला आणि हेडर नाही, तर टाइमआउट.

चौथा मेल हवा असेल तर साध्या मजकुराच्या २०० केबी भरतील एवढ्या ओळींनंतर तळाशी जीट्यूब ठेवा. बॉडी_पार्ट_स्कॅन_साइज ५०००० असताना हा पास होईल. तो बिघाड नाही, कापणी चालू असल्याची खूण आहे.

उंबरठा

नवीन सर्व्हर उभारणाऱ्यांसाठी: स्पॅमअसॅसिनऐवजी वापरता येणाऱ्या आरस्पॅमडी या फिल्टरची मूळ मॅक्स_मेसेज मर्यादा ५० एमबी आहे, आणि तो सीमध्ये लिहिलेला असल्याने तेवढे मेल निमूट पेलतो. पण त्याच्या अँटीव्हायरस विभागात मॅक्स_साइज वेगळी असते. नमुन्याच्या फाइलीत २००००००० बाइटची ओळ टिप्पणी म्हणून ठेवलेली आहे. ती उघडून टाकली तर २० एमबीच्या वरचे मेल क्लॅमडीकडे जाणारच नाहीत, आणि निकालात क्लॅमचं चिन्ह नसणं एवढीच त्याची खूण.

नदीकाठ

म्हणजे ती ओळ बंदच ठेवायची का?

उंबरठा

बंद ठेवा, किंवा पोस्टफिक्सच्या मर्यादेएवढी, ५४ एमबी करा. क्लॅमडीची स्ट्रीममॅक्सलेंग्थ त्याहून वर, १०० एमबी. आरस्पॅमडीचा अँटीव्हायरस विभाग प्रवाहानेच पाठवतो, त्यामुळे रात्रपाळी यांनी सांगितलेली अट इथे लागू आहे. आणि मेन.सीएफमध्ये ५४ दिले असतील तर मॅक्स_मेसेजही ५० वरून ६० एमबी करायला विसरू नका.